पोटात दुखतंय, पण नेमकं कुठं? ऑनलाइन चित्रं टाकणाऱ्यांसाठी

तीन वर्षांपूर्वीची खांदमळणीची, म्हणजे पोळ्याच्या आदल्या दिवसाची रात्र. जेवणं आटपून मी परभणीतल्या आमच्या गच्चीवर फोन चाळत बसलो होतो, आणि सेलूकडच्या एका पोराचं जलरंगातलं चित्र समोर आलं. बैलाचा नुसता खांदा, वशिंड आणि मानेचा थोडा भाग. बाकी कागद कोरा. जू टेकून टेकून पडलेला घट्टा, त्यावरून हळद-तुपाचा हात फिरलेला, आणि तूप चमकतं तेवढ्या जागी रंग न लावता कागदाचा पांढरा तसाच राखलेला. खाली एकच ओळ : 'आज आवतण, उद्या जेवायला या.' चार तासांत अकराशे लाइक.

त्याच संध्याकाळी मीही चित्र टाकलं होतं. जुन्या वाड्याचा दरवाजा, कडी-कोयंड्यासकट, नऊ दिवस खपून केलेला. एक्केचाळीस लाइक. त्यातले सहा घरातले.

पोरगा माझाच विद्यार्थी. सपाट वॉश, म्हणजे पातळ रंगाचा एकसारखा थर, कसा द्यायचा, बोर्ड किती तिरपा धरायचा, हे त्याला मी शिकवलेलं. मी फोन पालथा ठेवला, परत उचलला आणि टाइप केलं, 'छान रे. पण अख्खा बैल काढायला काय झालं होतं?' बटण दाबणार तेवढ्यात लाइट गेली, वायफाय गेलं, आणि माझी अब्रू वाचली.

त्या रात्रीपासून मी या दुखण्याकडं जरा नीट बघायला लागलो. शाळेत चित्रकला शिकवतो, शिवाय चित्रं टाकणाऱ्यांचे दोन व्हॉट्सॲप गट सांभाळतो. त्यात एटीडी, म्हणजे चित्रकला शिक्षकाची पदविका करणारी पोरं आहेत, रांगोळी काढणाऱ्या बायका आहेत, फ्लेक्सनं पाट्यांचं काम खाल्ल्यावर मोबाइलवर डिजिटल काढायला लागलेले पेंटर आहेत. दुखणं सगळ्यांचं एकच, आणि नाव कोणीच घेत नाही. खालचं सगळं त्यांच्यासोबत आणि स्वतःवर करून बघितलेलं आहे. क्रमानं करा, एखादी पायरी तुमच्या कामाची नसेल तर ओलांडून पुढं जा.

पायरी १ : पहिल्या रात्री हात आवरा

चोवीस तास तीन गोष्टी करायच्या नाहीत. त्या चित्राखाली काही लिहायचं नाही. रागाच्या भरात स्वतःचं चित्र उडवायचं नाही. आणि कोणाला स्क्रीनशॉट पाठवून 'बघ, याला लोकं कसे डोक्यावर घ्यायलेत' असं म्हणायचं नाही. तिसरी चूक सगळ्यात महागात पडते. आपल्याकडचे गट एकमेकांत गुंतलेले असतात. सकाळी जालन्याला पाठवलेला स्क्रीनशॉट चहाच्या वेळेला सेलूत पोचलेला असतो.

त्याऐवजी मनातल्या मनात दुखण्याचं नाव घ्या. मराठीत त्यासाठी तीन वेगळे शब्द आहेत आणि आपण ते एकमेकांच्या जागी वापरून घोळ घालतो. 'मलाही असं जमायला हवं होतं' हा हेवा. 'याला मिळालं ते जायला हवं' हा मत्सर. आणि दुसऱ्याच्या गुणातच खोट काढायची, ती असूया. मी जे टाइप केलं होतं ती शंभर टक्के असूया होती. चित्राचं सगळं बळ उरलेला बैल सोडून देण्यात होतं, आणि मी नेमकं तेच उणं म्हणून दाखवायला निघालो होतो. डच भाषेतही दोन प्रकारच्या हेव्याला दोन शब्द आहेत. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००९ साली त्यावर अभ्यास मांडला : एक प्रकार माणसाला स्वतः वर चढायला लावतो, दुसरा समोरच्याला खाली ओढायला. तुमचा कुठला आहे हे पहिल्या रात्री कळलं तरी पुष्कळ झालं.

आणि हो, लाज वाटून घेऊ नका. आपल्याला पॅरिसच्या चित्रकाराचा हेवा वाटत नाही, जिंतूरच्या दोस्ताचा वाटतो. लिऑन फेस्टिंगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९५४ सालीच मांडलं होतं की माणूस स्वतःला मापायला आपल्यासारख्याच माणसाजवळ उभा करतो. एकाच बाकावरचे, एकाच वर्षी चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा दिलेले, एकाच दुकानातून रंग घेणारे. म्हणजे दुखलं याचा अर्थ एवढाच, की समोरचा तुम्हाला आवाक्यातला वाटतो.

पायरी २ : दुखण्याची फोड करा

सगळा लेख वाचायला वेळ नसेल तर एवढी पायरी तरी करा.

दुसऱ्या दिवशी वही घ्या. फोनमध्ये लिहू नका, लिहिता लिहिता बोट परत तिकडंच वळतं. ज्या चित्रानं दुखलं ते वर लिहा आणि खाली चार रकाने पाडा : हात, डोळा, सोय, हवा.

'हात' म्हणजे कसब. त्याला येतं आणि मला येत नाही असं नेमकं काय? 'तो लई भारी काढतो' हे उत्तर चालणार नाही. 'पिवळ्या डागाची एक कड कडक आहे आणि दुसरी ओल्या कागदात विरघळली आहे' इतकं बारीक लिहायचं. 'डोळा' म्हणजे त्यानं काय बघितलं, काय उचललं, काय सोडलं. 'सोय' म्हणजे वेळ, पैसा, कागद, टॅब, राहण्याचं गाव, घरच्यांची साथ. आणि 'हवा' म्हणजे ज्यावर ना त्याचा ताबा ना तुमचा : सण कोणता होता, कुणा मोठ्या खात्यानं उचललं का, त्या दिवशी ॲपच्या मनात काय होतं.

माझ्या वहीतलं पान अजून आहे. जसंच्या तसं देतो.

हात : पांढरा राखणं. मला येतं. बहुतेक त्याच्यापेक्षा बरं येतं.
डोळा : घट्टा. लहानपणापासून बैल बघतोय, घट्टा कधी काढला नाही. मी दरवाजा फोटोवरून काढला. वाड्यात गेलोच नाही. हा गोठ्यात बसला.
सोय : काही नाही. त्याचा कागद माझ्यापेक्षा स्वस्त आहे.
हवा : खांदमळणीच्या संध्याकाळी खांदमळणीचं चित्र. मी दरवाजा टाकला.

दुसऱ्या रकान्यात 'वाड्यात गेलोच नाही' असं लिहिलं आणि पेन थांबलं. मला अकराशेचं दुःख आहे असं मी रात्रभर समजत होतो. खरं दुःख हे होतं की नऊ दिवस मी एका फोटोची नक्कल करत बसलो, आणि ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्याचं चित्र आलं नसतं तर मी ते स्वतःपासून लपवून ठेवलं असतं.

प्रत्येक रकान्याचा इलाज वेगळा असतो. सगळं एकत्र कालवून 'मला कोणी विचारत नाही' असा एकच गोळा केला की त्यावर इलाज नाही.

दुखणं 'हात'मध्ये निघालं तर सोपं आहे, फक्त कष्ट आहेत. ती एकच गोष्ट घ्या आणि पंधरा दिवस रोज अर्धा तास तेवढीच करा. अख्खी चित्रं करू नका. पोस्टकार्डाएवढ्या तुकड्यांवर नुसत्या कडा : एक कडक, एक विरघळलेली. कागद किती ओला असताना रंग सोडला तर किती पसरतो, हे प्रत्येक तुकड्याच्या मागं मिनिटांत लिहून ठेवा. मे महिन्यात आपल्याकडं कागद बघता बघता वाळतो. पुण्या-मुंबईच्या व्हिडिओतलं 'दोन मिनिटं थांबा' इथं लागू पडत नाही. कूलरसमोर तर अजिबात बसू नका.

'डोळा'मध्ये निघालं तर फोन घरी ठेवून बाहेर पडा. बाजाराच्या दिवशी, यष्टी स्टँडवर, कापूस वेचणीला. एका जागी एक तास बसून दहा गोष्टी शब्दांत लिहायच्या, काढायची फक्त एक.

'सोय'मध्ये निघालं तर मोकळेपणानं मान्य करा. आमच्या गटात एक ताई आहेत. त्यांचं चित्र भाकऱ्या, भांडी, मुलांचा अभ्यास झाल्यावर रात्री साडेदहाला सुरू होतं. आठवड्याला एक चित्र टाकणाऱ्या पोराशी त्या स्वतःला लावून बघायच्या आणि खचायच्या. 'आपण आळशी आहोत' असं त्यांनी कित्येक महिने धरून ठेवलं होतं. वहीत त्यांनी तास लिहिले : त्याचे आठवड्याला तीस, यांचे पाच. मग त्यांनी चित्राचा आकारच तळहाताएवढा केला. आता आठवड्याला एक होतं.

'हवा'मध्ये निघालं तर त्या रकान्यावर सरळ काट मारा. कसा काय, ते पुढं.

पायरी ३ : आकडा कसा बनतो ते एकदा समजून घ्या

आपल्यातल्या बहुतेकांच्या चित्राला शेवटची सरळ श्रेणी मिळाली ती कला संचालनालयाच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटला. अ, ब किंवा क. त्यानंतर कोणी श्रेणीच देत नाही, म्हणून आपण लाइकलाच श्रेणी धरून बसलो. पण इंटरमिजिएटचा परीक्षक बाकीच्यांनी काय दिलं ते बघून मार्क देत नव्हता. इथं प्रत्येक जण आधीचा आकडा बघूनच बोट टेकवतो.

याचा एक फार सुंदर प्रयोग झालेला आहे. मॅथ्यू सालगानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी २००६ साली तो प्रसिद्ध केला. अनोळखी बँडची ४८ गाणी, आणि ती ऐकायला चौदा हजारांहून जास्त माणसं. काही जणांना नुसती गाणी दिली. बाकीच्यांचे आठ वेगवेगळे गट केले आणि प्रत्येकाला फक्त आपल्या गटात कोणतं गाणं किती वेळा उतरवून घेतलं गेलं तेवढं दिसत होतं. गाणी तीच, माणसं सारखीच. तरी एका गटात डोक्यावर घेतलेलं गाणं दुसऱ्या गटात कुठंतरी मध्यात पडलेलं. अगदी उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत, अगदी वाईट वर आली नाहीत, पण मधल्या सगळ्यांचं काहीही होऊ शकत होतं. सुरुवातीला चार जणांनी काय केलं त्यावर पुढच्या शेकडोंचं ठरत गेलं.

आपण बहुतेक जण त्या 'मधल्या'त आहोत. यात कमीपणा काही नाही, पण आकड्यावरून चित्राची किंमत काढायची सोय मात्र उरत नाही.

दुसरी एक गंमत. समाजशास्त्रज्ञ स्कॉट फेल्ड यांनी १९९१ साली गणितानं दाखवलं की बहुतेकांच्या मित्रांना त्यांच्यापेक्षा जास्त मित्र असतात. कारण साधं आहे. ज्याला खूप मित्र आहेत तो खूप जणांच्या यादीत असतो. ज्याला कमी, तो मोजक्यांच्या. फॉलोअरचंही तेच. तुम्ही ज्यांना फॉलो करता त्यांतले बरेच जण तुमच्यापेक्षा 'मोठे' दिसतात, कारण मोठे असल्यामुळंच ते तुमच्या नजरेला पडले. तुमच्याएवढेच किंवा तुमच्याहून कमी आकड्याचे हजारो चित्रकार हिंगोलीपासून धाराशिवपर्यंत आहेत. ते तुम्हाला दिसतच नाहीत.

पायरी ४ : फोनची थोडी डागडुजी

फार वेळ घालवू नका, दहा मिनिटांचं काम आहे. इन्स्टाग्रामनं २०२१ पासून लाइकचा आकडा झाकायची सोय दिली आहे. स्वतःच्या चित्राच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांत ती सापडते, आणि इतरांचे आकडे झाकायची सेटिंगमध्ये. आधी इतरांचे झाका. ज्याच्या चित्रांनी सध्या त्रास होतो त्याला महिनाभर म्यूट करा. त्याला कळत नाही आणि फॉलो तसंच राहतं. अनफॉलो करू नका, लहान गावात त्याचा बोभाटा होतो. व्हॉट्सॲपचा गट सोडायचाच असेल तर आता फक्त ॲडमिनला कळतं, बाकीच्यांना सूचना जात नाही. चित्र टाकल्यावर दोन तास फोन दुसऱ्या खोलीत. मी तर रात्री झोपताना टाकतो आणि सकाळी शाळा सुटल्यावर बघतो. पहिल्या तासाची हवा गेली तर गेली.

पायरी ५ : कौतुक करायला शिका, नेमकं

'लई भारी', 'कडक', 'एक नंबर', आगीची तीन चिन्हं. आपलं कौतुक यापुढं जात नाही, आणि हेवा वाटत असताना तर हे तीन शब्दही घशात अडकतात. अडकतात कारण ते खोटे असतात. अख्ख्या माणसाचं कौतुक करायला मन तयार नसतं. एका जागेचं करायला तयार होतं.

म्हणून चित्रातली एकच जागा निवडा आणि तिच्याबद्दल एक खरं वाक्य लिहा. तुमच्या वहीतला 'हात' किंवा 'डोळा' रकाना इथं आयता कामाला येतो. मी तिसऱ्या दिवशी सेलूच्या पोराला लिहिलं : 'घट्ट्यावर तूप चमकतं ती जागा आधी ठरवून सोडली होती की मास्किंग लावलं होतंस?' (मास्किंग म्हणजे रंग लागू नये म्हणून कागदावर आधी लावायचा झाकणारा द्रव.) त्याचं उत्तर पाच मिनिटांत. 'सर, सोडली होती. तीनदा चुकली. चौथ्यांदा जमली.' म्हणजे मला जे सहज वाटलं होतं ते चौथं चित्र होतं. पहिली तीन अकराशे लोकांपैकी कोणालाच दिसली नव्हती.

उपदेश करू नका, विशेषतः तुम्ही त्याचे सर असाल तर. 'अजून मेहनत घे' हे कौतुकात येत नाही. आणि खरंच काही आवडलं नसेल तर गप्प बसा. गप्प बसायचा हक्क सगळ्यांना आहे.

उलट्या बाजूचं एक वाक्य मला कोणीतरी फार प्रेमानं लिहिलं होतं : 'सर, तुमचं बी चांगलंच असतंय, पण लोकायला कळत नाही.' असलं सांत्वन कोणाला करू नका. माणूस आठवडाभर त्यातल्या 'बी'वर अडकून राहतो.

पायरी ६ : तुमची पाळी आली तर

याबद्दल कोणी सांगत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. एका वर्षी माझं यष्टी स्टँडवरचं एक रेखाचित्र असं पसरलं की तीन दिवस फोन थांबला नाही. पेंगणारी म्हातारी, मांडीवर कोंबडीची पाटी. आईला कळलं तेव्हा तिनं मीठ-मोहऱ्या आणि लाल मिरच्या घेऊन दृष्ट काढली. माझी काढली ती काढली, वर चार्जिंगला लावलेल्या मोबाइलवरूनही हात ओवाळला. मिरच्या चुलीत टाकल्यावर ठसका आला नाही. 'बघ, किती लागली होती,' ती म्हणाली.

त्या तीन दिवसांत मी ज्या चुका केल्या त्या तुम्ही करू नका.

पहिली : मी सगळ्या प्रतिक्रिया वाचल्या, आणि वाचून झाल्यावर ते चित्र मला स्वतःला कसं वाटत होतं हेच आठवेना. चित्र टाकायच्या आधी वहीत दोन ओळी लिहून ठेवा, काय जमलं आणि काय फसलं. माझ्या त्या चित्रात म्हातारीचा डावा हात चुकलेला आहे. कोणीही म्हटलं नाही. माझं मत मात्र तेच राहायला हवं होतं.

दुसरी : त्यानंतर मी लागोपाठ सात यष्टी स्टँड काढले. लोकांना आवडलं ना, मग घ्या अजून. प्रत्येकाला आधीच्यापेक्षा कमी लाइक, आणि सातव्याला माझाच जीव उबगला. लोकांनी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं. उतरायला मला चार महिने लागले. गाजलेल्या चित्रानंतरचं चित्र मुद्दाम वेगळ्या विषयाचं घ्या आणि ते टाकूच नका. नुसतं करा.

तिसरी : 'अहो काही नाही, असंच बसल्या बसल्या काढलं.' हे मी वीस-पंचवीस जणांना म्हणालो असेन. नम्रता वाटते, पण तेच काढायला महिना घालवणाऱ्या दोस्ताच्या कानावर ते काय पडत असेल? लागले तेवढे दिवस सांगा. शिकवलेल्याचं नाव घ्या. आणि 'धन्यवाद' म्हणून थांबा.

चौथी पैशांची. 'माझं बी एक स्केच काढून दे की' म्हणणारे त्याच आठवड्यात येतात. गाजायच्या आधीच दर ठरवून लिहून ठेवा, आकार आणि दिवसांसकट. मी आता एकच मजकूर पाठवतो : 'आवडेल काढायला. ए-फोर आकाराला इतके रुपये, तीन आठवडे लागतात, निम्मे आधी.' मामा-काकांना एक फुकट, वर्षातून. दहातले सात जण गप्प होतात, तीन खरे गिऱ्हाईक निघतात. त्या आठवड्यात नोकरी सोडणं, टॅबचा हप्ता काढणं असले निर्णय घेऊ नका.

आणि जवळच्या दोस्ताचा लाइक आला नाही, गटावर तो गप्प झाला, तर? आलाच आहे असं समजून वागा. त्याला फोन करा आणि तुमच्या चित्राबद्दल चकार शब्द न काढता त्याचं काय चाललंय ते विचारा. 'कामून गप्प आहेस' असं मात्र विचारू नका. त्याच्या वहीत सध्या चार रकाने चालू असतील, त्याला वेळ द्या.

एक आडवळणाची गोष्ट. आपल्याकडं भाषणात हमखास सांगतात की अजिंठ्याच्या चित्रकारानं कुठं नाव लिहिलं, तुम्हाला कशाला हवं? मला हे पटत नाही. सोळाव्या लेण्यात वाकाटकांचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख आहे, म्हणजे दान देणाऱ्याचं नाव आहे. दहाव्या लेण्यात १८१९ साली शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्यानं खांबावर आपलं नाव खरवडून ठेवलंय, म्हणजे बघ्याचं नाव आहे. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी कोणाच्या हातचा, ते आपल्याला ठाऊक नाही. याला त्याग म्हणून मिरवण्याआधी जरा वाईट वाटू द्या. नाव हवंसं वाटणं हा काही रोग नाही. सही करा, ठसठशीत करा.

पायरी ७ : हेवा आणि अन्याय यांची गल्लत नको

कोणी तुमचं चित्र सही कापून स्वतःचं म्हणून टाकलं, तुमच्या रेषा गिरवून स्पर्धेत दिल्या, तर त्याचा राग येणं याला पोटदुखी म्हणत नाहीत. 'जाऊ द्या, तुम्हाला त्याचं बघवत नाही' असं म्हणणारे भेटतील. त्यांना भिऊ नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्र काढल्याबरोबर त्याचा हक्क साधारणपणे चित्रकाराकडं येतो. नोंदणी केलीच पाहिजे असं नाही. हा हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि नंतर साठ वर्षं टिकतो. नोकरीत किंवा पैसे घेऊन काढून दिलेल्या कामाला वेगळे नियम लागू शकतात, म्हणून ऑर्डर घेतानाच बोलून घ्या.

कच्ची रेखाटनं तारखेसह जपा, मधल्या टप्प्यांचे फोटो ठेवा. आधी समोरच्याच्या खासगीत लिहा : 'हे चित्र माझं आहे, नाव टाका किंवा काढून घ्या.' दोन दिवस थांबा. मग ॲपवरची कॉपीराइटची तक्रार. गटावर बोंब शेवटी, आणि तीही पुरावा हातात असेल तरच. 'त्यानंही बैल काढला' ही चोरी होत नाही. बैल सगळ्यांचा आहे.

पायरी ८ : थापटणं मारणारा एक माणूस शोधा

ही गोष्ट सगळी आपल्याच मुलखातली आहे. नरसीचे नामदेव, तोवर विठ्ठलाचे लाडके म्हणून नावाजलेले. संतमंडळी जमली असताना मुक्ताबाई तेरच्या गोरोबाकाकांना म्हणाली, यातली मडकी कच्ची-पक्की बघा. काकांनी थापटणं, म्हणजे मडकी थापटायची कुंभाराची लाकडी फळी, घेऊन एकेकाच्या डोक्यावर वाजवायला सुरुवात केली. बाकीचे गप्प बसले, नामदेव रागावले. काका म्हणाले, हे मडकं कच्चं. अपमान झाला, पण नामदेव पुढं औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडं गेले आणि त्यांना गुरू केलं. कथा म्हणून ऐका, पण त्यातली व्यवस्था बघा : हजार लोक डोक्यावर घेत असताना एक माणूस असा, ज्याला मडक्याचा आवाज कळतो.

आम्ही चौघं-पाच जण महिन्यातून एका रविवारी कृषी विद्यापीठाच्या रस्त्याला झाडाखाली जमतो. प्रत्येकानं एकच चित्र आणायचं, खरं, कागदावरचं. फोन पिशवीत. पहिला प्रश्न 'कुठं अडलास?' आणि उत्तर आल्याशिवाय बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाही. किती लाइक आले हे ज्याच्या तोंडून निघेल त्यानं सगळ्यांचा चहा द्यायचा. पहिल्या तीन महिन्यांत मीच सगळ्यात जास्त चहा पाजले. पाच जणांपेक्षा जास्त झालो तेव्हा भाषणं सुरू झाली, म्हणून आता पाचच.

असं कोणी जवळ नसेल, आणि दुखणं आठवड्यामागून आठवडे जातच नसेल, झोप उडाली असेल, ब्रश हातात धरवत नसेल, तर ते चित्राच्या पलीकडचं आहे. सरकारच्या टेली-मानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

माझ्या त्या वहीतल्या पानाचं पुढं काय झालं ते सांगायचं राहिलं. 'डोळा' रकान्यापुढं मी पेन्सिलनं लिहिलं होतं, 'पुढच्या वर्षी गोठ्यात.' वर्षभरानं त्या पोरालाच फोन केला. 'या की सर, पण दुपारून या,' तो म्हणाला. 'सकाळी बैल धुवायला नेतोत.' मी बोर्ड, कागद, पाण्याची बाटली घेऊन त्याच्या वडिलांच्या गोठ्यात कडब्याच्या पेंढीवर बसलो. त्याची आई वाटीत हळद कालवत होती. पोरगा शेजारी बसून काढत होता आणि त्याच्या कागदाकडं बघायचं नाही असं मी मनाशी ठरवलं होतं. हळदीचा हात खांद्यावर पडला की बैल कातडी थरथरवायचा, शेपटी मारायचा, मान वळवायचा. माझी तिसरी ओळ चुकली आणि मी ब्रश वर धरून तो कधी स्थिर होतो याची वाट बघत राहिलो.

म्हातारा बघत होता. म्हणाला, "कामून थांबलाव सर? बैल हलनारच. त्याला काय ठाव तुमी चितर काढायलाव."